'कॅल्क्युलस' : एका खड्याची कुळकथा

(माण तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांपुढील भाषण)



दहिवडीच्या बाजारात एखादा दुकानदार खिशातून मोबाइल काढून त्यावरील 'कॅल्क्युलेटर'वर बेरीज करतो. त्याचा मुलगा साताऱ्यास महाविद्यालयात शिकतो आणि 'कॅल्क्युलस' फार अवघड जाते, अशी घरी तक्रार करतो. त्याच घरातील आजोबांच्या पाठीत एके रात्री असह्य कळ येते, आणि डॉक्टर तपासणीच्या कागदावर पुन्हा 'कॅल्क्युलस' हाच शब्द लिहितात. बापाचा हिशेब, मुलाचे उच्च गणित आणि आजोबांचा मुतखडा यांचा परस्परांशी काय संबंध असावा, हा प्रश्न सहसा कोणास पडत नाही. संबंध मात्र आहे, आणि तो माणगंगेच्या कोरड्या पात्रात पायाखाली सापडण्यासारखा आहे. लॅटिन भाषेत 'कॅल्क्युलस' म्हणजे लहानसा खडा.

त्या भाषेत 'कॅल्क्स' म्हणजे चुनखडीचा दगड किंवा चुना. मराठीत डब्यापासून डबी होते, त्याप्रमाणे 'कॅल्क्स'पासून लहानपणा दाखविणारे रूप झाले ते 'कॅल्क्युलस'. प्राचीन रोममध्ये पटावरचे खेळ खेळावयाचे ते याच खड्यांनी. आपल्याकडे देवळाच्या फरशीवर कोरलेल्या पटावर मुले वाघ-बकरी खेळतात, तसाच तो प्रकार. मत द्यावयाचे तेही खड्याने : पांढरा खडा सुटकेचा, काळा खडा शिक्षेचा, अशी एक जुनी रीत कवी ओव्हिड याने नोंदविली आहे. परंतु या शब्दाचे नशीब उघडले ते हिशेबामुळे.

रोमन अंक आपण घड्याळाच्या तबकडीवर पाहतो. त्या अंकांत अडतीस लिहावयाचे तर सात खुणा कराव्या लागतात, आणि अशा दोन संख्या एकाखाली एक मांडून बेरीज करू गेल्यास काहीच जुळत नाही. मग रोमन व्यापारी हिशेब कसा करीत असे? तो अंकांनी करीतच नसे. फळीवर उभ्या रेघा असत. एक रांग एककांची, दुसरी दशकांची, तिसरी शतकांची. त्या रांगांत तो खडे मांडी, सरकवी, उचली. एककाच्या रांगेत दहा खडे जमले, की ते काढून घेऊन दशकाच्या रांगेत एक खडा ठेवावयाचा. अंक केवळ उत्तर लिहून ठेवण्यापुरते. हिशेब सारा खड्यांचा. म्हणून 'खडे मांडणे' हाच हिशेब करण्याचा अर्थ झाला आणि हिशेब शिकविणाऱ्या शिक्षकाला 'कॅल्क्युलेटर' म्हणू लागले. आज जो शब्द यंत्राला लागतो, तो मुळात गुरुजींचा होता.

त्या गुरुजींच्या वेतनाची नोंदही इतिहासात उरली आहे. इ. स. ३०१ मध्ये सम्राट डायोक्लेशियन याने वस्तूंचे व कामांचे कमाल दर ठरविणारी आज्ञा काढली. तीत अक्षरे शिकविणाऱ्या शिक्षकास दर विद्यार्थ्यामागे महिना ५० दिनार आणि गणित शिकविणाऱ्यास ७५ दिनार असा दर आहे. अक्षर-गुरुजींना त्याचे काय वाटले असेल, हे ज्याचे त्याने ताडावे. रोमन मुले डाव्या हाताला पाटी आणि पिशवी अडकवून शाळेत जात, असे होरेस या कवीने वर्णन केले आहे. त्या पिशवीत मोजण्याचे खडे असावेत, असे काही भाष्यकार मानतात.

भारतात हीच विद्या निराळ्या वस्तूच्या नावाने ओळखली गेली. आपल्या पूर्वजांनी गणितास 'पाटीगणित' म्हटले आणि 'धूलिकर्म'ही म्हटले, कारण ते पाटीवर पसरलेल्या धुळीत बोटाने अंक लिहून आकडेमोड करीत. जुन्या पंतोजींच्या शाळेतील धूळपाटी ही त्याच परंपरेतील. रोमन माणसाने खड्याला स्थानानुसार किंमत दिली, परंतु ती फळीवरच राहिली. आपल्याकडे तीच किंमत अंकाला मिळाली, रिकाम्या रांगेसाठी शून्य आले आणि फळीची गरजच संपली. माणच्या मुलाला खडा आणि धूळ या दोहोंचीही वाण नाही, ही गोष्ट वेगळी.

पुढे सतराव्या शतकात न्यूटन व लायबनिट्स यांनी सतत बदलणाऱ्या राशींचे गणित सिद्ध केले. १६८४ साली लायबनिट्सने जो लेख प्रसिद्ध केला, त्याच्या लॅटिन शीर्षकात या पद्धतीला एक विशेष प्रकारचा 'कॅल्क्युलस', म्हणजे हिशेबाची रीत, असे म्हटले होते. तेव्हापासून हा शब्द त्या गणिताला कायमचा चिकटला. बाळशास्त्री जांभेकरांनी एकोणिसाव्या शतकात हा विषय मराठीत आणला, तेव्हा त्याला 'शून्यलब्धिगणित' असे नाव दिले. आज 'कलन' हा शब्द रूढ आहे.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. 'कलन' आणि 'कॅल्क्युलस' यांचे उच्चार जवळचे वाटतात, म्हणून ते एकाच कुळातले, असे वर्गात सांगून टाकण्याचा मोह होतो. तो आवरावा. 'कलन' हा संस्कृत 'कल्' म्हणजे मोजणे या धातूपासून आला. संकलन व आकलन हे त्याचे भाऊबंद. त्याचा चुनखडीशी संबंध नाही. तसेच 'खडा' व 'कॅल्क्स' यांचेही नाते लावू नये. खरी सोयरीक पाहावयाची असेल तर ती भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आहे. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर या नावांत सप्त, अष्ट, नव, दश यांची लॅटिन भावंडे बसली आहेत; रोमन वर्ष एके काळी मार्चपासून सुरू होई, म्हणून सप्टेंबर हा सातवा. आपण 'एकोणीस' म्हणतो, म्हणजे एक उणे वीस. लॅटिनमध्येही एकोणीस या संख्येचे नाव 'विसातून एक' असेच आहे. हे साम्य मुलांना सांगण्यास हरकत नाही.

शब्दांचे नाते नसले तरी माणसाचा अनुभव सारखा असतो, आणि मग निरनिराळ्या भाषा एकाच वाटेने जातात. मूत्रमार्गात साचून घट्ट झालेल्या क्षारांच्या गोळ्याला रोमन वैद्यांनी खडा म्हटले. संस्कृतात त्याला 'अश्मरी' म्हणजे दगड म्हटले आणि सुश्रुतसंहितेत तो शस्त्राने काढण्याची क्रिया सांगितली. मराठी शेतकऱ्याने, यांपैकी कोणालाही न विचारता, मुतखडा म्हटले. दातांवर साचून दगडासारख्या घट्ट होणाऱ्या किटणालाही दंतवैद्य 'कॅल्क्युलस'च म्हणतात. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाने काय खाल्ले होते, हे त्याच्या दातांवरील त्या थरातून आज संशोधक शोधून काढतात.

मुतखड्याविषयी दोन शब्द अधिक बोलणे अवश्य आहे, कारण हा तालुका कोरडा आहे. आपल्या रानात नांगराच्या तासात पांढऱ्या चुनखडीच्या गाठी वर येतात. अशाच गाठी भाजून आणि घाणीत मळून जुन्या वाड्यांच्या व विहिरींच्या बांधकामास चुना तयार करीत. त्यामुळे विहिरीच्या जड पाण्यानेच खडे होतात, अशी लोकांची समजूत आहे. बहुतेक मुतखड्यांत कॅल्शियम असते हे खरे, आणि कॅल्शियमचे नावही सर हम्फ्री डेव्ही याने १८०८ साली 'कॅल्क्स'वरूनच ठेवले. परंतु खडा होण्याचे अधिक निश्चित कारण, पाणी कमी पिणे हे आहे. उन्हात घाम जातो, लघवी दाट होते आणि क्षार साचतात. टंचाईच्या वर्षी टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीवरील मूल पाणी मागण्यास संकोचते, आणि काही मुली तर शाळेत लघवीस जावे लागू नये म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत. शाळेच्या वेळापत्रकात पाणी पिण्याची घंटा असावी आणि मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी असावी. या दोन गोष्टी आरोग्याच्या धड्यापेक्षा अधिक काम करतील.

आता मुख्य गोष्टीकडे वळले पाहिजे. हातात खडू घेऊन फळ्यापाशी उभा राहणारा शिक्षक या शब्दाच्या अगदी जवळ उभा असतो. इंग्रजी 'चॉक' हाही 'कॅल्क्स'चाच वंशज. पण खडू हाती आला की खडा विसरला जातो. पहिलीच्या वर्गात पाढे खणखणीत म्हटले जातात आणि तपासणीसाठी आलेला अधिकारी संतुष्ट होतो. त्याच वर्गातील एखाद्या मुलाला जवळ बोलावून ढिगातून सदतीस चिंचोके मोजून दे म्हटले, तर तो पंधरा-वीसपर्यंत मोजतो, मग एकच चिंचोका दोनदा मोजतो, आणि अखेर गुरुजींच्या चेहऱ्याकडे पाहतो. हे मूल मंद नाही. त्याला संख्येचे नाव पाठ आहे, संख्या मात्र भेटलेली नाही.

मराठी मुलाची अडचण तर दुहेरी आहे. 'सदतीस' म्हणताना सात आधी उच्चारला जातो व तीस मागून येतो. लिहिताना मात्र तीन आधी लिहावा लागतो. मूल ऐकल्याप्रमाणे ७३ लिहिते आणि चूक ठरते. एकोणसाठ, एकोणसत्तर यांत तर पुढच्या दशकाचे नाव घेऊन मागच्या दशकाची संख्या सांगावयाची असते. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ साली 'सत्तावीस' याच्या जोडीला 'वीस सात' अशी वाचनाची रीत आली, तेव्हा वर्तमानपत्रांतून मोठा वाद झाला. भाषेवरील प्रेमापोटी झालेला तो वाद समजण्यासारखा होता. तथापि त्यात चिंचोक्यांविषयी फारच थोडे बोलले गेले. दहा-दहाच्या दोन पुरचुंड्या आणि सुटे सात ज्याच्या पुढ्यात आहेत, त्याला सत्तावीस म्हणा की वीस सात म्हणा, दोन्ही कळते. तीस खडे मांडून त्यांतला एक उचलला, की 'एकोणतीस' हा शब्द कसा झाला हे सांगावे लागत नाही.

यात क्रमाची घाई करू नये. पुष्कळ शाळांत जून महिन्यातच फळ्यावर एकक-दशकाची घरे आखली जातात. रोमन फळीवर दशकाच्या रांगेतील खडा आणि एककाच्या रांगेतील खडा दिसावयास सारखेच असत. त्यांतील एकाची किंमत दहा मानणे, ही माणसाच्या बुद्धीने मारलेली फार मोठी उडी आहे. सहा वर्षांच्या मुलाकडून ती पहिल्याच महिन्यात अपेक्षिणे अन्यायाचे होय. आधी ढीग, मग दहाची पुरचुंडी मुलाने स्वतः बांधावी, स्वतःच सोडावी, पुन्हा बांधावी. हे पुष्कळ दिवस चालले म्हणजे मग रांग, त्यानंतर अंक. पाढा शेवटी येतो, आणि तेव्हा तो विसरत नाही. पाठांतराला नाव ठेवण्याचा हेतू नाही. पाढे पाठ हवेतच. मात्र चारी पंचे वीस म्हणणाऱ्या मुलाला पाच-पाच खड्यांच्या चार ओळी मांडता आल्या पाहिजेत.

माणदेशात या गोष्टीला आणखी एक कारण आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी' (१९५५) या कादंबरीतील तरुण मास्तर धनगरांच्या ज्या वस्तीवर रुजू होतो, ती याच मुलखातली. आजही दिवाळीनंतर मेंढरांच्या कळपामागे किंवा उसाच्या फडावर कुटुंबे जातात आणि पटावरील मुले तीन-चार महिने दिसत नाहीत. परतलेल्या मुलाचे पुस्तक फाटलेले असते, पाटी हरवलेली असते. परंतु त्याला मोजण्याचे साधन मात्र कोठेही मिळते. मेंढरे कोंडताना दर मेंढरामागे एक खडा झोळीत टाकणे आणि सकाळी सोडताना दर मेंढरामागे एक खडा काढणे, एवढे त्याला शाळेने शिकवून पाठविले असेल, तर त्याचे गणित त्याच्याबरोबर रानात गेलेले असते. झोळीत खडा शिल्लक राहिला तर एक मेंढरू कमी आहे. अंक न येताही त्याला वजाबाकी आली. असे मूल शाळेत परतले की त्याला मागच्या बाकावर न बसविता, रानात काय काय मोजलेस, हे आधी विचारावे.

मराठी भाषा स्वतः हे जाणून आहे. एखाद्याला एखाद्या गोष्टीची खडान्खडा माहिती आहे, असे आपण म्हणतो. अंदाज घ्यावयाचा तर खडा टाकून पाहतो. 'कानाला खडा लावणे' या वाक्प्रचाराचे मूळ मात्र जुन्या शाळेतील शिक्षेत सांगतात. खड्याचा तेवढा एक उपयोग शाळेतून गेला, हे चांगलेच झाले.

खडे गोळा करण्याचे काम मुलांनाच द्यावे. पात्रातील गुळगुळीत, चिंचोक्याहून थोडे मोठे आणि शक्यतो एकसारखे असे खडे निवडावेत. फार लहान घेऊ नयेत, पहिलीची मुले ते नाकाकानात घालतात. धुऊन वाळवून शंभर-शंभरच्या पिशव्या कराव्यात, आणि प्रत्येक पिशवीवर ती भरणाऱ्या मुलांनीच आतील संख्या लिहावी. पिशवी परत करताना ते पुन्हा मोजतील. नव्व्याण्णव भरले, तर हरवलेला खडा शोधण्यास तासाची राहिलेली दहा मिनिटे खुशाल द्यावीत.