औषध विनामूल्य, तरीही खर्च
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील निवेदन)



हिपॅटायटिस-सी झालेल्यांस पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने २४ ते ४८ आठवडे घ्यावी लागत. खर्च लाखांत जाई आणि आम्ही आपल्यापुढे झोळी घेऊन उभे राहत असू. २०१५ साली सोफोसबुवीरच्या गोळ्या भारतीय कंपन्यांनी बाजारात आणल्या. बहुतेकांचा उपचार १२ आठवड्यांवर आला. २८ जुलै २०१८ रोजी केंद्र शासनाचा राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यात तपासणी व औषधे शासकीय केंद्रांत विनामूल्य मिळतात.

असे असूनही डायलिसिसवरील एका रुग्णाच्या पत्नीने या गोळ्यांसाठी मंगळसूत्र गहाण ठेवले. तिला या सोयीविषयी कोणी सांगितलेच नव्हते. दोष आमचाच. आता निदानाच्या कागदासोबतच शासकीय केंद्राची चिठ्ठी देण्याचा नियम आम्ही केला आहे.

तथापि केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी, एस.टी.चे भाडे आणि बुडालेली रोजंदारी कोण देणार? निर्धन रुग्ण निधी उपचारांसाठी आहे, प्रवासासाठी नाही. (हिशेबाच्या माणसाला ही रेघ ओलांडता येत नाही.) म्हणून यंदा प्रवासखर्चाचे स्वतंत्र खाते उघडीत आहोत. देणगी देताना पावतीवर तसा उल्लेख अवश्य करवून घ्यावा, ही नम्र विनंती.