पदार्थ आणि रीत

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून वक्त्याने इतिहासावर बोलावे, असा संकेत आहे. झाशीत इतिहासाला तोटाही नाही. नारो शंकरांनी वाढविलेले शहर, नेवाळकरांची सुभेदारी, १८४२ साली गंगाधरराव व लक्ष्मीबाई यांचा विवाह जेथे झाला ते गणेशमंदिर, हे सारे आपल्या नित्य परिचयाचे आहे. येथून कानपूरच्या रस्त्याने सुमारे पन्नास किलोमीटरांवर असलेल्या ज्या मोठ गावाहून मी आलो, तेथेही अठराव्या शतकात राजेंद्रगिरी गोसाव्यांची गढी होती व नारो शंकरांशी त्यांचा झगडा झाला होता. परंतु तलवारीविषयी बोलणारे अधिकारी वक्ते येथे पुष्कळ आहेत. मी आपला ताटाविषयी बोलतो. आपण ते गोड मानून घ्यावे.

गेल्या वर्षी मुंबईस जाण्याचा योग आला. महाविद्यालयातले आम्ही चौघे मित्र कित्येक वर्षांनी एकत्र आलो. एका मित्राच्या कन्येने आग्रहाने आम्हांला एका नव्या धर्तीच्या उपाहारगृहात नेले. मेक्सिको, पेरू, ब्राझील इत्यादी लॅटिन अमेरिकन देशांची पाककृती आणि आपल्याकडील जिन्नस यांचा संकर करून तेथे पदार्थ देतात. मंद दिवे, गुळगुळीत काळ्या पाट्यांवर मांडलेले घास आणि वाचून अर्थबोध न होणारी नावे! त्यातून तो दिवस नेमका आषाढी एकादशीचा. आमच्यातील एक मित्र कडक उपासाचा. "मी केवळ तुमच्या सोबतीला बसतो, पाणी घेतो," असे म्हणून त्याने पदार्थांची यादी उघडलीसुद्धा नाही.

प्रथम आले सेविचे. मूळ पदार्थ पेरूच्या किनाऱ्यावरचा. कच्च्या मासळीला लिंबाच्या रसात मुरवून कांदा आणि मिरची घालतात. आम्हा शाकाहाऱ्यांसाठी मासळीच्या जागी कोवळे शहाळ्याचे खोबरे होते. मक्याच्या चिमुकल्या भाकरीवर फणसाची भाजी होती. मग एक ताटली आली, तिच्यात शिजवून तळलेल्या एका कंदाच्या फोडी, रताळे आणि शेंगदाण्याची चटणी. कंदाचे नाव युका. ती कन्या सहज म्हणाली, "काका, साबुदाणा याच कंदाच्या सत्त्वाचा करतात." उपासकरी मित्र ताठ बसला. "म्हणजे हे उपासाला चालते!" पुढील पाच मिनिटे तेल कोणते, मीठ कोणते, याची चौकशी झाली आणि अखेरीस त्याने त्या फोडी नुसत्या उकडून मागविल्या. आम्ही पोट धरून हसलो, आणि तोही हसला.

हसू ओसरल्यावर मात्र मी विचारात पडलो. एकादशीच्या आपल्या ताटात असते काय? साबुदाणा ज्या कंदाचा, तो दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिकडचाच. बटाटा अँडीज पर्वतातला, मिरची मेक्सिकोकडची, राजगिराही मुळात अमेरिका खंडातला. कोलंबस १४९२ साली तिकडे पोहोचला, वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला, पोर्तुगीजांनी १५१० साली गोवे घेतले. त्यानंतर क्रमाक्रमाने हे जिन्नस आपल्याकडे आले. मिरी, पिंपळी आणि आले यांवर भागविणाऱ्या आपल्या पूर्वजांनी नव्या तिखटाला मिरीच्याच नावाने हाक मारली. बटाटा, काजू, अननस ही नावे तर पोर्तुगीजांच्या तोंडून आली तशीच राहिली. उपासाला धान्य वर्ज्य. हे नवे कंद आणि दाणे रोजच्या धान्यांत मोडत नव्हते, म्हणून सोवळ्यात बसले. ज्या ताटाला आपण सर्वांत जुने आणि पवित्र मानतो, तेच सर्वांत नव्या मिश्रणाचे निघावे, हा काय योगायोग आहे! आपल्या झाशी जिल्ह्यात खरिपात भुईमुगाची शेते पसरतात. त्या शेतकऱ्याला हे पीक परके म्हणून सांगितले तर तो हसेल.

परंतु एवढ्यावरून "सगळेच मिश्रण आहे, मग काहीही चालेल" असा निष्कर्ष कोणी काढू नये. मक्याची गोष्ट त्यासाठी सांगतो. मेक्सिकोतील लोक फार पुरातन काळापासून मका चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात शिजवतात, मग वाटून त्याच्या भाकरी करतात. युरोपीयांनी मका नेला, पण ही खटपट अडाणीपणाची समजून सोडून दिली. परिणामी केवळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांना कातडी खरखरीत होऊन सोलणारा, बुद्धी भ्रमिष्ट करणारा पेलाग्रा हा रोग जडला. स्पेनमध्ये १७३५ साली त्याचे वर्णन झाले, आणि उत्तर इटलीत त्याने कित्येक पिढ्या छळल्या. निकोटिनिक आम्लाने तशाच प्रकारचा कुत्र्यांना होणारा रोग बरा होतो, हे एल्व्हेजेम यांनी दाखविले ते १९३७ साली! मक्यात ते द्रव्य बांधलेले असते आणि चुन्याच्या पाण्याने मोकळे होते. युरोपने पदार्थ घेतला, त्यामागची रीत घेतली नाही.

याच्या उलट उदाहरणही त्याच खंडात आहे. १८४९ पासून चिनी मजूर आणि १८९९ पासून जपानी मजूर पेरू देशात राबण्यासाठी गेले. त्यांनी तेथील मासळी, मिरची, बटाटा घेतला आणि आपली चिरण्याची, परतण्याची रीत त्यांना लावली. आज ज्या संकरित पाककृतीसाठी शहरांतील लोक शेकडो रुपये मोजतात, तिचा एक मोठा झरा घर सोडून गेलेल्या कष्टकऱ्यांच्या चुलीतून निघाला आहे. आपणही घर सोडून आलेल्यांचेच वंशज आहोत.

आता जे सांगतो, ते सांगताना संकोच वाटतो. माझी सून बुंदेलखंडची आहे. ती घरात आली, तेव्हा तिची सासू हयात नव्हती. एके दिवशी पाहुणे जेवायला होते. तिने मोठ्या हौसेने मटकीची उसळ केली. आमच्या गावाचे नाव मोठ, आणि हिंदीत मटकीलाही मोठच म्हणतात. मटकी मोड न आणताच शिजविलेली होती, गोडा मसाला नव्हता, गूळ नव्हता. मी पानावरूनच म्हणालो, "ही काही उसळ नव्हे." ती काही बोलली नाही. त्यानंतर पाच-सहा वर्षे आमच्या घरी उसळ झाली नाही. मी मनाशी म्हणत राहिलो, आपल्या घरातले मराठीपण गेले.

त्या रात्री मुंबईत मक्याच्या भाकरीचा तुकडा हातात धरून मला उमगले की, दोष तिचा नव्हता. मी पदार्थ मागितला होता. रीत कोणी दिली होती? न दिलेल्या गोष्टीचा हिशेब मी तिच्याकडे मागत होतो.

परतल्यावर मी तिला म्हणालो, "बेटा, आज रात्री मटकी भिजत घालू." सकाळी ती उपसून फडक्यात कशी बांधावी, मोड किती येऊ द्यावेत, खोबरे, तीळ, धने, दगडफूल किती भाजावे, हे लहानपणी आईच्या शेजारी बसून जेवढे पाहिले होते तेवढे सांगितले. काही चुकलेही असेल. तिने शेवटी आपल्या मनाने वरून आल्याचा कीस आणि हिरवी कोथिंबीर घातली. मी गप्प राहिलो, आणि दुसऱ्यांदा वाढून घेतली. पुढच्या आठवड्यात तिने मला गोवऱ्यांच्या आरावर गक्कड भाजायला शिकविले. माझे पहिले चार करपले. ती मोकळेपणाने हसली. त्या घरात इतकी वर्षे मी तिचे असे हसणे ऐकले नव्हते.

मित्रहो, मंडळाला पन्नास वर्षे झाली. आपली मुले बाहेर जेवतात, परप्रांतीय घरांशी सोयरिकी करतात, म्हणून आपण खंत करतो. ती खंत मी खोटी म्हणत नाही. पण माझी एक विनंती आहे. आपण मुलांकडून आणि सुनांकडून मराठीपण मागण्यापूर्वी, ते त्यांच्या हाती कधी दिले होते काय, हे स्वतःला विचारावे. आणि देताना त्यांच्याकडचेही काही शिकून घ्यावे. आता पंगत बसेल. आजच्या जेवणात बरा-कढीही आहे आणि पुरणपोळीही आहे, असे कळते. दोन्ही करणारे हात स्वयंपाकघरात शेजारी शेजारी आहेत. जेवण झाल्यावर तेथे डोकावून एखादी रीत विचारून जावे, एवढेच सांगतो आणि आपली रजा घेतो.