संगणकाच्या पोटातील वीजघर



मागल्या उन्हाळ्यात एक शिक्षक-मित्र आपला संगणक घेऊन माझ्याकडे आले. मुलांसाठी धड्यांच्या चित्रफिती करता याव्यात म्हणून पदरमोड करून त्यांनी चांगले वेगवान यंत्र जुळवून घेतले होते. प्रोसेसर उत्तम, ग्राफिक्स कार्ड भारी. काटकसर केली ती एकाच वस्तूत. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस त्यांनी तसाच ठेवला. एका संध्याकाळी व्होल्टेज खालीवर झाले, फट्‌कन आवाज आला, आणि त्या डब्याने जाता जाता मदरबोर्ड आणि डिस्क दोन्ही बरोबर नेले. यंत्र पुन्हा घेता येते हो. पण दोन वर्षांचे धडे कोठून आणायचे?

म्हणून आज या डब्याविषयीच चार गोष्टी सांगणार आहे.

हा डबा करतो काय? आपल्या घरात वीज येते ती २३० व्होल्टची, सेकंदाला ५० फेरे घेणारी. संगणकाला हवी असते १२, ५ आणि ३.३ व्होल्टची, एकाच दिशेने वाहणारी डीसी वीज. एसएमपीएस ती तयार करून प्रत्येक भागाला वाढतो. आता आचारीच बिघडला, तर सारी पंगत आजारी पडणार, नाही का?

किती वॅटचा घ्यावा, हा पहिला प्रश्न. सरळ बेरीज करावी. समजा, रायझेन ७ ७७००एक्स हा प्रोसेसर आहे. तो भर कामात सुमारे १४२ वॅट घेतो. आरटीएक्स ४०७० हे कार्ड २०० वॅट घेते. पंखे, डिस्क, मदरबोर्ड यांचे ७०-८० धरा. झाले सव्वाचारशेच्या आतबाहेर. मग ६५० चा कशासाठी? कारण ग्राफिक्स कार्ड क्षणभर एकदम जादा वीज ओढते. २०२२ साली आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात यासाठी खास नियम आहे : अशा कार्डांसाठी केलेल्या एसएमपीएसने, सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापुरता, आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार सोसला पाहिजे. शिवाय पूर्ण भारावर सतत चालणारा डबा तापतो, आणि तापला की लवकर म्हातारा होतो. कोणी विचारील, मोठा डबा घेतला तर बिल वाढेल का? नाही. यंत्र मागते तेवढेच तो देतो.

मात्र खोक्यावरच्या मोठ्या आकड्यावर भुलू नका. डब्यावरची चिठ्ठी वाचा. प्रोसेसर आणि कार्ड दोघेही १२ व्होल्टवरच जगतात. तेव्हा १२ व्होल्टखाली किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहा आणि १२ ने गुणा. ५४ अँपिअर असतील तर ६४८ वॅट. म्हणजे ६५० चा आकडा खरा. वर ६५० लिहिलेले आणि गुणाकार येतो ४०० च्या आसपास, असा डबा दुकानदाराला परत द्या. हे गणित गुरुजींनी वर्गात मुलांकडूनही करून घ्यावे.

दुसरी खूण ८० प्लसची. ही पद्धत २००४ साली सुरू झाली. ब्राँझ, गोल्ड अशा तिच्या पायऱ्या आहेत. गोल्ड म्हणजे निम्म्या भारावर सुमारे ९० टक्के वीज कामी येते, उरलेली उष्णतेत जाते. पण ही खूण काटकसरीची आहे, दणकटपणाची नव्हे. दणकटपणासाठी तीन गोष्टी विचारा. जादा व्होल्टेज, जादा भार, शॉर्टसर्किट आणि तापणे यांपासून संरक्षण आहे काय? कपॅसिटर १०५ अंशांचे आहेत काय? आणि हमी पाच वर्षांची तरी आहे काय? चांगला एसएमपीएसही कधी मरतो. पण तो एकटा मरतो, घर बुडवून जात नाही.

आता आपल्या घराकडे वळू. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, अशी तक्रार खेड्यात पुष्कळ ऐकू येते. दोष बहुधा अर्थिंगचा. एसएमपीएसमधील गाळणी थोडी वीज जमिनीकडे सोडते. वाट नसेल तर ती पत्र्यावरच राहते. वायरमनला बोलावून अर्थिंग करून घ्या. तिसरी पिन तोडून प्लग बसवणे हा तर शुद्ध अविचार.

शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज उतरते. म्हणून डब्यावर १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले असावे. असा डबा उतरलेल्या व्होल्टेजवरही चालतो. आणि इन्व्हर्टर घ्याल तो शुद्ध साइन वेव्हचा घ्या. चौकोनी लहरीवर हे चांगले डबे गुरगुरतात, कधी बंदही पडतात. वीज गेल्यावर एसएमपीएस सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतकाही दम धरीलच असे नाही. तेव्हा इन्व्हर्टरचे बटण यूपीएसकडे ठेवा.

दोन गोष्टी मात्र कधी करू नका. डबा उघडू नका. प्लग काढल्यावरही आत तीनशेहून अधिक व्होल्ट दबा धरून असतात. आणि एका एसएमपीएसच्या सुट्या वायरी दुसऱ्याला लावू नका. टोके सारखी दिसली तरी आतली जोडणी वेगळी असते.

शेवटी एवढेच. एसएमपीएस यंत्र सांभाळील, धडे नाही. त्यांची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून कपाटात ठेवा. माझे ते मित्र आता दर शनिवारी शाळा सुटली की हे काम न चुकता करतात.