मशीन चालू आहे, पण ओढत नाही

एरवी आपण इथे कोड डीबग करतो. आज पेट्रोल पिणारं मशीन डीबग करूया.

देवबागला, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे माझ्या काकांची फायबरची होडी आहे. मागे जुनं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड. तक्रार अशी की हळू चालवलं तर मस्त, पण थ्रॉटल पूर्ण दिला की थोड्याच वेळात दम सोडतं. म्हणाल, मग हळू चालवा ना. पण मुखाशी ओहोटीचं पाणी बाहेर ओढत असतं आणि समोरून लाटा येतात. तिथे ताकद गेली की होडी आडवी होते, आणि आडवी होडी लाटेने उलटू शकते. होडीत माणसं असतात, त्यामुळे हा विषय चालढकल करण्याचा नाही.

सल्ले भरपूर मिळाले. प्लग बदल, कार्ब्युरेटर खोल, नवीनच घे! पण चार गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कुठे होता ते कळतच नाही. आपण कोडमध्ये करतो तेच इथे करायचं: प्रत्येक टेस्टने शक्यता अर्ध्या करायच्या.

पहिला प्रश्न: इंजिनचा आवाज पडतो, की आवाज चढतो पण होडी पळत नाही? आवाज चढत असेल तर संशय पंख्यावर. त्याच्या आतला रबरी बुश घसरतो. आतल्या आणि बाहेरच्या भागावर मिळून रंगाची एक सरळ रेघ मारा आणि फेरी मारून या. रेघ तुटली, तर बुश गेला. आमचा आवाज पडत होता, म्हणजे दोष इंजिनकडे.

इंजिनला पेट्रोल, स्पार्क आणि कॉम्प्रेशन लागतं. सगळ्यात स्वस्त टेस्ट आधी. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना? होता. मग पाइपवरचा रबरी फुगा, म्हणजे प्रायमर बल्ब. इंजिन दम सोडायला लागलं की दुसऱ्याने तो दाबत राहायचा. आम्ही दाबला, आणि मशीन परत ओढायला लागलं! म्हणजे पेट्रोल पुरत नव्हतं.

आता दोष टाकी-पाइपमध्ये, की इंजिनवरच्या पंपात? शेजारच्या होडीची चालती टाकी पाइपसकट जोडली. फुल थ्रॉटलला पाच मिनिटं काही झालं नाही. पंप सुटला, आमचा पाइप अडकला. कापून पाहिला तर बल्बच्या पुढे आतलं अस्तर सुटलेलं. पंप ओढायचा तेव्हा ते मिटायचं, बल्बने ढकललं की उघडायचं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. त्यामुळे नवा पाइप इथेनॉल चालेल असाच घेतला.

बल्ब दाबूनही फरक पडला नसता, तर दोन्ही प्लग काढून रंग ताडून पाहिला असता, मग कॉम्प्रेशन. दोन सिलिंडरमध्ये १०-१५ टक्क्यांहून जास्त फरक असेल, तर तिथे थांबून मेकॅनिक गाठा.

आणि हे लक्षात ठेवा: अशा जुन्या टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. तसंच रेटत राहिलं तर पिस्टन तापून जाम होतो, आणि पाइपचा खर्च इंजिनच्या खर्चावर जातो.

टेस्ट खाडीच्या शांत पाण्यात करा, मुखाशी नाही. दोघं जण, लाइफ जॅकेट, किल-स्विचची दोरी मनगटाला. कोरड्यावर मशीन सुरू करू नका, थंड पाणी खेचणारा रबरी इम्पेलर जळतो.

तुमच्याकडचं एखादं मशीन असंच रुसलंय का? लक्षणं लिहून पाठवा. पार्ट विकत घ्यायच्या आधी पाठवा!