खलनायक पडल्यानंतरचा हिशेब

(अंजनगाव सुर्जी येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



मोबाइलवर खेळल्या जाणाऱ्या अद्भुतरम्य खेळांमध्ये बहुधा एक दुष्ट सम्राट असतो. तो गावे जाळतो, प्रजेला गुलाम करतो आणि शेवटच्या टप्प्यावर खेळणाऱ्याच्या हातून मारला जातो. अलीकडे या सम्राटाला पूर्वचरित्रही दिलेले असते. लहानपणी तो बंदिवासात वाढला, आप्तांनी त्याचा विश्वासघात केला, राज्य राखण्यासाठीच त्याने क्रौर्य पत्करले, वगैरे. मग मुलांत तासन् तास वाद चालतो की हा मुळात वाईट, की परिस्थितीने वाईट झालेला? वडीलधारी मंडळी याला पोरखेळ म्हणतात. परंतु इतिहासातील आणि चालू राजकारणातील पुढाऱ्यांविषयी मोठी माणसे नेमका हाच वाद घालीत असतात, आणि तोही मुलांइतक्या बारकाईने नव्हे.

ज्या गावी हा वर्ग भरला आहे, त्या गावाचे नाव एका तहाला मिळालेले आहे. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे यांनी ईस्ट इंडिया कंपनीशी येथे तह केला आणि गंगा-यमुनेचा दुआब, दिल्ली, आग्रा, भडोच व अहमदनगर गमावले. हे का घडले, याचे मराठी मनाने दिलेले उत्तर ठरलेले आहे. दुसरा बाजीराव नादान, दौलतराव अविचारी आणि त्यांचा सासरा सर्जेराव घाटगे नराधम. खेळातल्या सम्राटासारखीच ही तीन पात्रे.

आता त्यांचे पूर्वचरित्र पाहावे. बाजीरावाचे बालपण आणि तारुण्याचा आरंभ बापाच्या पापापायी नाना फडणविसांच्या नजरकैदेत गेला. दौलतरावांच्या हाती महादजींची अफाट दौलत १७९४ साली आली, तेव्हा त्यांचे वय पंधराच्या आसपास होते, आणि तह झाला तेव्हाही चोविशी नुकतीच उलटली होती. दोघांची कीव करावयाची तर साहित्य भरपूर आहे. पण १७९८ साली पुण्यात जे घडले त्यापुढे ही कीव टिकत नाही. पेशवाई मिळविण्याच्या व्यवहारात बाजीरावाने शिंद्यांना दोन कोट रुपये कबूल केले होते. ते देता येईनात, तेव्हा शहरातून वसूल करण्याची मोकळीक सर्जेरावाला देण्यात आली. सावकार, जुने कारभारी, सधन गृहस्थ यांची घरे खणली गेली आणि तापलेल्या तोफेला माणूस बांधण्यापर्यंत छळ झाला. सर्जेरावाचे बालपण कसे गेले याची चौकशी त्या माणसांच्या वारसांना कोणी सांगू नये. परिस्थितीने माणूस घडतो हे समाजवादी विचाराला मान्य आहे. तोफ तापविण्याचा हुकूम मात्र परिस्थिती देत नाही.

तथापि दोष सिद्ध झाला म्हणजे चौकशी संपली, असे होत नाही. खरी चौकशी पैशाची. सर्जेरावाचे क्रौर्य हे एका कर्जाच्या वसुलीचे साधन होते. ते कर्ज गादीच्या खरेदीचे, आणि त्यामागे पगार थकलेली फौज. सर्जेराव नसता तर दुसरा कोणी त्या कामावर नेमला गेला असता. कदाचित कमी निर्दय, पण नेमला गेला असताच. विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ने १९७२ साली रंगभूमीवर हेच दाखविले. कोतवाल दगडांनी ठेचला जातो, आणि त्याला घडविणारे नाना अंगाला ओरखडा न लागता उभे राहतात. नाटकावर त्या काळी गदारोळ झाला तो नानांच्या चारित्र्यावरून. म्हणजे वाद पुन्हा व्यक्तीवरच आला!

विजेत्यालाही खलनायक फार सोयीचा असतो. अविश्वासू शिंद्यांच्या कचाट्यातून पेशव्याला वाचविले, असे सांगत कंपनीने हे युद्ध खपविले. त्या युद्धाचा नायक जनरल आर्थर वेलस्ली. २९ नोव्हेंबरला त्याने अडगावची लढाई जिंकली आणि १५ डिसेंबरला उत्तरेच्या डोंगरातला गाविलगड घेतला. गडावर जी कत्तल झाली तिला इंग्रजी ग्रंथांत शौर्याच्या प्रकरणात जागा मिळाली.

पुढचा भाग वऱ्हाडच्या माणसाने नीट लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण नाटके आणि कादंबऱ्या येथवर येऊन थांबतात. खेळातला सम्राट पडला की पडद्यावर उजेड होतो आणि गावकरी नाचू लागतात. येथे काय झाले? १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला आणि तो निजामाच्या पदरात पडला. निजामाने महसूल मक्त्याने दिला. सारा रयतेकडून मक्तेदाराने उकळावयाचा आणि दरबाराला आगाऊ रक्कम सावकाराने पुरवावयाची. हैदराबादेत विल्यम पामर आणि मंडळींनी जबर व्याजाने कर्जे दिली; वऱ्हाडचा मोठा भाग पुरणमल सावकाराच्या मक्त्यात गेला, त्यानंतर पेस्तनजी आणि कंपनीने हात धुऊन घेतले. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालच्या फौजेचा खर्च निजामाच्या नावे चढत राहिला आणि त्या थकबाकीपोटी १८५३ साली वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात गेले. १९०२ साली ते कायमच्या पट्ट्याने दिले गेले. या पन्नास वर्षांत कोणी तोफ तापविली नाही. सर्व काही कागदावर, सहीशिक्क्यानिशी झाले. म्हणूनच पामर आणि पुरणमल यांच्यावर कोणी नाटक लिहीत नाही. आनंदीबाईवर ‘भाऊबंदकी’ होते. व्याजाच्या दराला रंगभूमीवर तोंड नसते.

कार्यकर्त्यांना ही जुनी कथा सांगण्याचे प्रयोजन दूरचे नाही. २५ जून १९७५ च्या रात्री देशात आणीबाणी आली. समाजवादी कार्यकर्ते मिसाखाली तुरुंगात गेले, आणि मार्च १९७७ मध्ये जनतेने इंदिरा गांधींचा पराभव केला. तो विजय खरा होता आणि त्याची किंमत माणसांनी आपल्या आयुष्यातून मोजली होती. परंतु एक बाई दुष्ट होती, ती पडली, आता उजाडले, अशा समजुतीत चळवळीतील पुष्कळ माणसे रमली. जुलै १९७९ मध्ये जनता सरकार कोसळले आणि जानेवारी १९८० मध्ये त्याच बाई बहुमताने परतल्या. इंदिराजी मुळात हुकूमशहा होत्या की असुरक्षिततेने तशा झाल्या, यावर चरित्रकारांनी पाने भरली आहेत आणि पुढेही भरतील. कार्यकर्त्याने मात्र कायद्यांची यादी हाती घ्यावी. मिसा १९७८ साली रद्द झाला. १९८० साली राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला. आणि बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा, जो आणीबाणीच्या आधीचा, १९६७ चा, तो जनता राजवटीतही रद्द झाला नाही. २००४, २००८ आणि २०१९ साली, निरनिराळ्या पक्षांच्या सरकारांच्या हातून, तो अधिकाधिक कठोर होत गेला.