परक्याने दिलेलं पाणी



ग्रीक कवी होमर आणि रोमन कवी व्हर्जिल यांच्याविषयी भोर तालुक्यातल्या किकवीत कशाला बोलायचं, असं आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी काहींना वाटत असेल. माझं उत्तर जुन्नरपासून सुरू होतं. शिवनेरी आणि आसपासच्या डोंगरांत कोरलेल्या बौद्ध लेण्यांमध्ये तीन यवनांची दानं ब्राह्मी अक्षरांत नोंदलेली आहेत. यवन म्हणजे त्या काळी ग्रीक, किंवा त्या बाजूने आलेला माणूस. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली. चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. चंद नावाच्या तिसऱ्याने लेण्याचा दर्शनी भाग करवून दिला. ही शिवजन्माच्या सुमारे दीड हजार वर्षं आधीची गोष्ट. कार्ल्याच्या चैत्यातले काही खांबही यवनांनीच दिलेले. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकाडावर ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची लहानशी कांस्यमूर्ती सापडली, ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. ती माल म्हणून आली असेल, कुणाच्या हौसेने आली असेल. जुन्नरची टाकी मात्र माल नव्हेत. दूरदेशाहून आलेल्या माणसांनी इथल्या धर्मासाठी, इथल्या भाषेत आपली नावं कोरवून पाणी आणि जेवणाची जागा दिली. मला या दोन दानांचं फार अप्रूप आहे.

कारण परका आणि यजमान यांच्यातल्या अशा देण्याघेण्यातच होमरच्या ‘ओडिसी’चाही जीव आहे. वीस वर्षांनी इथाकाला परतलेला तिथला राजा ओडिसियस भिकाऱ्याच्या वेषात सर्वांत आधी युमेअसच्या खोपटात जातो. युमेअस डुकरं राखणारा गुलाम. तो आपल्या धन्याला ओळखत नाही, तरी अंगावर धावून आलेली कुत्री हाकलतो, त्याला आत घेतो, मांस भाजून वाढतो, रात्री पांघरायला स्वतःचा झगा देतो. आलेला कोण, कुठला, हे विचारायचं ते जेवण झाल्यावर. परका माणूस झ्यूस देवाच्या आश्रयातला आहे, ही त्याची श्रद्धा. त्याच वेळी राजवाड्यात उच्चकुळीचे तरुण दुसऱ्याच्या घरी फुकट जेवून माजलेले असतात. होमरचा कौल कुणाच्या बाजूने आहे, हे सांगायला नको.

इथून नीरेचा पूल ओलांडला की शिरवळ. तिथल्या कारखान्यांत काम करायला बिहार, ओडिशातून मुलं येतात आणि आपल्याच गावांत खोल्या घेऊन राहतात. त्यांच्याशी आपण कसं बोलतो, भाडं कसं ठरवतो, सणाला त्यांना बोलावतो का? उद्या तुम्हीही पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशात कुणाच्या तरी दारात उभे राहाल. ‘ओडिसी’ वाचताना मला हे प्रश्न टाळता येत नाहीत, आणि तुम्हीही टाळू नयेत.

व्हर्जिल तर भोरकरांनी वाचायलाच हवा. त्याच्या ‘ईनिड’मध्ये ट्रॉय जळत असताना ईनियस म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेतो, लहान मुलाचा हात धरतो. घरातले देव तो स्वतः उचलत नाही. लढाईत हात रक्ताने माखलेत, म्हणून बापालाच ते धरायला सांगतो. बायको मागे येत असते, ती अंधारात हरवते. शहर सोडतानाही हा माणूस सोवळं-ओवळं पाळतो. एरवी ते मला फारसं पटत नसलं, तरी या प्रसंगात माझं मन भरून येतं. उन्हाळ्यात भाटघर धरणाचं पाणी उतरलं की वेळवंडीच्या पात्रात कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं. त्या पाण्यावर बारामती-फलटणकडचा ऊस उभा राहिला आणि इथली घरं, शेतं, देवळं बुडाली. पुढे नीरा देवघर धरणाच्या वेळीही माणसं उठली. देव्हाऱ्यातले टाक कुणी उचलले, मागे काय राहिलं, हे तुमच्यापैकी काहींच्या आज्यांना ठाऊक असेल. विस्थापिताला महाकाव्याचा नायक करण्याचं धाडस व्हर्जिलने दोन हजार वर्षांपूर्वी केलं. आपल्या धरणग्रस्तांच्या वाट्याला बहुधा सरकारी कागदच आले.

पु. ल. देशपांड्यांनी सोफोक्लीसचा ‘राजा ओयदिपौस’ मराठीत आणला, विंदा करंदीकरांनी अ‍ॅरिस्टॉटलचं काव्यशास्त्र आणलं. तरी ग्रीक आणि लॅटिन शिकून थेट मराठीत लिहिणारी माणसं फार थोडी आहेत. तुमच्यातल्या एखादीने हे काम अंगावर घ्यावं. वेळ लागेल, पैसाही फारसा मिळणार नाही. तिने सुरुवात ‘ईनिड’च्या दुसऱ्या सर्गापासून करावी, आणि पहिलं वाचन वेळवंडीच्या खोऱ्यात, ज्यांची गावं पाण्याखाली गेली त्यांच्या नातवंडांसमोर करावं. त्या वाचनाला मला जरूर बोलवा.