कापूस किलोवर मोजता, कंबर कधी मोजली?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



भावाचे बोलून झाले. आता थोडे कोरोनाचे. तुम्ही म्हणाल, २०२० चे मढे आता कशाला उकरता? विषाणू गेलेला नाही म्हणून. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी उठवली, एवढेच.

त्या काळात गावोगाव एक वाक्य ऐकू येई : "हे शहरातल्या जाड्यांचे दुखणे, आपण राबणारी माणसे." फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली आणि हा भ्रम फिटला. पण त्या वाक्यात थोडे खरेही होते. इंग्लंडमध्ये सुमारे १ कोटी ७० लाख लोकांच्या नोंदी तपासल्या. साडेपाच फूट उंचीला ११२ किलोच्या वर वजन असलेल्यांना मरणाचा धोका जवळपास दुप्पट निघाला.

असे का होते? छातीखाली श्वासाचा पडदा असतो. तो खाली सरकला की फुफ्फुस भरते. पोटात चरबी साठली की ती पडद्याला वर रेटते. लोहाराच्या भात्यावर धोंडा ठेवल्यासारखे. माणूस उताणा निजला की आणखीच अवघड. म्हणून दवाखान्यात रोग्यांना पालथे निजवत. शिवाय ही चरबी मुकी बसत नाही. तिच्यातून सूज वाढवणारी द्रव्ये रक्तात झिरपत राहतात. आधीच धुमसणाऱ्या गंजीत विषाणूची ठिणगी पडते. रक्तात गुठळ्या होतात. साखरेचा आजार असला तर विचारूच नका.

आता आमचा खरा मुद्दा. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये स्वतःचा आणि एका इंग्रज डॉक्टरचा फोटो छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. इंग्रजाच्या अंगात चरबी ९ टक्के, याज्ञिकांच्या २१! हात-पाय काटकुळे आणि चरबी पोटात, ही आपली ठेवण. म्हणून आपल्याला साहेबांचे माप लागू नाही. साडेपाच फुटाला ६५ किलोच्या पुढे आपण सावध व्हायचे. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या, बाईची ८० च्या आत हवी. पँटच्या नंबरावर जाऊ नका; पँट पोटाखाली बांधतात. टेप बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध धरायची, श्वास सोडून.

कुणी याचा अर्थ उपाशी राहा असा काढू नये. अगदी हडकुळ्या माणसांनाही त्या साथीत दवाखाना जास्त गाठावा लागला. वय तर सगळ्यांत मोठा धोका. पण वय उतरवता येत नाही, पोट थोडे उतरवता येते. ज्वारीचे रान सोयाबीनला गेले, ताटात रेशनचा तांदूळ आला, पेरणीपासून फवारणीपर्यंत यंत्र आले, आणि चहातली साखर मात्र तेवढीच राहिली. भाकरी औषध नाही, हे आम्ही ज्वारीवाल्यांसमोरच सांगतो. पण दोन वाट्या भातापेक्षा पोटाला धीर धरवते.

पोट सुटलेल्याला ताप आला, धाप लागली, तर "उद्या बघू" नको. त्याच दिवशी डॉक्टर. लसही त्याने चुकवू नये.

मंडपाच्या डाव्या अंगाला शिंप्याची टेप ठेवली आहे. बायांची मोजणी शाळेच्या खोलीत, बायाच करतील. जेवणाआधी मोजा, नंतर मोजाल तर आकडा खोटा येईल.